बाळाचा पासपोर्ट फोटो सारखा परत येतोय? घरी काढताना काय काय तपासायचं

आमच्या बेळगावातल्या दुकानात झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि फोटो प्रिंट ही तिन्ही कामं चालतात. शहरातली माणसं येतात, खानापूर बाजूची येतात, कधी निपाणीकडची. तान्ह्या बाळाचा मोबाइलवर काढलेला फोटो पुढे करून म्हणतात, "हा घेत नाहीत म्हणे ओ, जरा नीट करून द्या की." पण बहुतेक वेळा तो फोटो नीट होण्यासारखा नसतोच. डोक्यामागची सावली पुसायला गेलं की कानाची कड जाते, चेहरा उजळ करायला गेलं की कातडीचा रंग खोटा दिसतो. शिवाय फोटो सॉफ्टवेअरने बदललेला नसावा, असं पासपोर्टच्या सूचनांतच लिहिलेलं आहे. म्हणून खाली जे लिहिते आहे ते जवळपास सगळं बटण दाबायच्या आधीचं आहे.

आधी परत आलेला फोटो नीट बघा

मोबाइलवर मोठा करून बघा आणि यातलं काय दिसतं ते ठरवा:

- डोक्यामागे किंवा कानाशी काळी सावली
- चादर पांढरी न दिसता करडी, निळसर किंवा पिवळट
- एक गाल उजळ, दुसरा काळोखा
- चेहरा धुरकट, किंवा हलल्यासारखा
- नाक फुगलेलं, कान मागे गेलेले
- डोळे मिटलेले किंवा भलतीकडे, तोंड उघडं
- कुणाच्या तरी हाताची बोटं, बांगडी, पदराचा काठ
- गालावर तीट, डोळ्यात पसरलेलं काजळ, डोक्यावर कुंची
- पांढरं झबलं चादरीत विरघळलेलं, नुसतं डोकं तरंगतंय
- चेहरा फ्रेममध्ये फार लहान, किंवा टाळू कापलेली
- फोटो चांगला, पण प्रिंट मोजली तर मापात नाही

सावली, करडी चादर, काळोखा गाल आणि हललेला चेहरा ही चारही उजेडाची दुखणी आहेत. एकदा उजेड बसला की बाकीची तिन्ही एकदम जातात, करडी चादर मात्र फोनमध्ये उजेड थोडा वाढवला की जाते. पण त्याआधी फुकटात होणाऱ्या गोष्टी बघून घेऊ.

हा फोटो मुळात लागतो का?

चार वर्षांखालच्या मुलांचाच फोटो घरून न्यावा लागतो. चार वर्षांवरच्या मुलाचा फोटो मोठ्यांसारखा केंद्रातच काढतात. बेळगावच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात जा किंवा हुबळीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात, नियम एकच. पाच वर्षांच्या पोराला चादरीवर झोपवून घामाघूम झालेले आईबाप मी पाहिलेत, म्हणून हे सगळ्यात आधी सांगते.

माप ४.५ × ३.५ सेंटिमीटर, पार्श्वभूमी पांढरी, फोटो अलीकडचा. बारशाच्या दिवशी काढलेला फोटो बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर नेऊ नका. या वयात चेहरा महिन्या-महिन्याला बदलतो, आणि काउंटरवरचा माणूस फोटोकडे आणि मांडीवरच्या बाळाकडे आळीपाळीने बघत असतो. जावळ काढायचं ठरलं असेल तर फोटो आणि अपॉइंटमेंट दोन्ही जावळाच्या आधी घ्या, नाहीतर दोन्ही नंतर.

दुसऱ्या देशाचे नियम इथे लावू नका. अमेरिकेच्या व्हिसाला दोन इंच बाय दोन इंच असा चौकोनी फोटो लागतो. ब्रिटिश पासपोर्टला माप आपल्यासारखंच, पण पार्श्वभूमी फिकट करडी किंवा क्रीम, आणि एक वर्षाखालच्या बाळाचे डोळे मिटलेले असले तरी तिथे चालतात. लंडनला असलेला दीर फोनवर "काय नाही वहिनी, झोपलेला चालतो" म्हणतो, ते तिथलं. आपल्या सूचनांत डोळे उघडे आणि स्पष्ट दिसायला हवेत.

जाता जाता कागदाचं एक सांगते, कारण फोटो बरोबर असूनही माणसं यावर अडकतात. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कितीतरी जणींचं चंदगड-गडहिंग्लजला. दाखला महाराष्ट्राचा आणि राहणं कर्नाटकातलं असलं तरी बिघडत नाही. बिघडतं ते आईबापाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असलं की. ते आधीच ताडून बघा.

लेन्स पुसा आणि फोनचं लाड करणं बंद करा

घरात तान्हं बाळ असलं की फोनला तेल लागतंच. मालिशच्या हाताने फोन उचलला जातो, लेन्सवर बोट फिरतं आणि फोटो धुरकट येतो. चष्मा पुसायच्या फडक्याने किंवा धुतलेल्या सुती कापडाने लेन्स पुसा. "कॅमेरा खराब झालाय" म्हणून आलेल्या बऱ्याच फोनचा आजार इथेच बरा होतो.

मग कॅमेऱ्यात जाऊन ब्युटी मोड, फिल्टर आणि पोर्ट्रेट मोड बंद करा. ब्युटी मोड कातडी गुळगुळीत करतो आणि पुष्कळ फोनवर डोळेही मोठे करतो. पोर्ट्रेट मोड मागचं पुसट करताना बाळाचे विरळ केस आणि कानाच्या कडा खातो. फ्लॅशही बंद. फ्लॅशने डोळे लाल होतात, डोक्यामागे कडक सावली पडते, आणि बाळ दचकून रडायला लागलं की त्या दिवशीचं काम संपलं. सेल्फी कॅमेरा वापरू नका, मागचाच वापरा. ग्रिडच्या रेषा चालू ठेवा, मान वाकडी आहे की फोन वाकडा ते लगेच कळतं.

चेहरा साफ करा, आणि आजींशी आधीच बोलून घ्या

तीट लावायची तर तळपायाला लावा, कानामागे लावा. कपाळावरची आणि गालावरची फोटोपुरती पुसा. फोटोत ती चेहऱ्यावरच्या डागासारखी येते. ओल्या कापडाने हलकं पुसलं तरी काळपट छाया राहते, त्यामुळे त्या दिवशी सकाळपासूनच लावू नका. हे आजींना आदल्या रात्री सांगा. बाळ तयार, उजेड तयार, आणि तेव्हाच "दृष्ट लागेल गं" वरून वाद सुरू झाला की बाळाची वेळ निघून जाते. कागदाचं काम आहे, घरी आलं की मीठ-मोहरी ओवाळा, एवढं म्हटलं की बहुतेक आज्या ऐकतात.

काजळही नको. डोळ्याच्या कडा काळ्या झाल्या की लहान फोटोत बुबुळ आणि काजळ एक होतात आणि डोळे नीट दिसत नाहीत. डोळ्यात काजळ घालू नका असं बालरोगतज्ज्ञ एरवीही सांगतात, तेव्हा एक दिवस नाही घातलं म्हणून काही बिघडत नाही.

तेलाने चकाकणारं कपाळ कोरड्या मऊ कापडाने टिपा. लाळ पुसा. कुंची, टोपडं, केसातली क्लिप काढा. जावळ कपाळावर येत असेल तर पाण्याच्या बोटाने मागे सारा. गळ्यातलं काढायलाच हवं असं नाही, पण त्याचा दोरा हनुवटीवर आलेला नसावा.

झबलं रंगीत घाला, एका रंगाचं. गडद निळं, हिरवं, मरून काहीही चालेल. पांढरं आणि फिकट पिवळं नको, कारण पांढऱ्या चादरीवर खांदे दिसायला हवेत. स्वेटरची उंच कॉलर हनुवटी झाकते, तोही नको. हातमोजे घातलेले हात बाळ तोंडाकडे नेतं, त्यामुळे ते हात कुणीतरी खाली हलके धरून ठेवा, फ्रेमच्या बाहेर.

बाळाची वेळ पकडा, आपली नाही

मालिश आणि अंघोळ झाली की बाळ झोपतं. ती झोप होऊन उठल्यावर दूध पाजा, ढेकर काढा आणि मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. यानंतरचा थोडा वेळ बाळ टक्क डोळ्यांनी बघत असतं, तोंड मिटलेलं असतं. भुकेलं बाळ तोंड उघडतं, झोपाळू बाळ डोळे मिटतं, पोट गच्च भरलेलं बाळ झोपवलं की दूध काढतं. लस दिलेल्या दिवशी तर प्रयत्नसुद्धा करू नका.

चादर, फोन, उजेड हे सगळं बाळ झोपलेलं असतानाच मांडून ठेवा. बाळाच्या जागी उशी ठेवून एक-दोन फोटो काढून बघा. सावली पडते का, चादर करडी येते का, हे उशीवरच कळतं. बाळ उठल्यावर चादर शोधायला निघालेलं घर कधी यशस्वी होत नाही.

उजेड: खरी मेख इथे आहे

आपल्याकडची जुनी कौलारू घरं आतून काळोखी असतात. माजघरात दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. अशा उजेडात फोन आपणहून शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि बाळ तेवढ्यात मान हलवतं. म्हणून फोटो हललेला येतो, हात कितीही स्थिर धरला तरी. जून-जुलैत खानापूरकडे पाऊस लागला की खिडकीतसुद्धा तीच गत. उपाय एकच: उजेडाच्या जवळ जा.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे सोप्यातलं दार किंवा मोठी खिडकी, जिथे थेट ऊन येत नाही पण आभाळ दिसतं. थेट उन्हात बाळ डोळे बारीक करतं आणि नाकाखाली काळी सावली पडते. सावलीतल्या दारात उजेड रुंद असतो, सगळीकडून येतो, त्यामुळे सावलीला कड राहत नाही. पाऊस थांबून उघडीप मिळाली आणि आभाळ ढगांनी भरलेलं असलं, तर अंगणात किंवा परसात मिळणारा उजेड स्टुडिओच्या तोडीचा. वारा नसेल आणि गारठा नसेल तर तीच वेळ साधा.

आता बाळ कसं ठेवायचं. डोकं दाराकडे, पाय घराच्या आत. असं ठेवलं की उजेड कपाळाकडून हनुवटीकडे उतरतो, आपण रोज चेहरे बघतो तसा. पाय दाराकडे ठेवले तर उजेड हनुवटीखालून वर चढतो आणि चेहरा विचित्र दिसतो. आडवं ठेवलं तर एक गाल काळोखा होणारच. हनुवटीखाली थोडी सावली उरली तर आतल्या बाजूला कुणीतरी पांढरा पंचा किंवा थर्माकोलचा तुकडा उभा धरावा. दाराकडून आलेला उजेड त्यावर आपटून परत चेहऱ्यावर पडतो. यासाठी दिवे विकत आणायची काही गरज नाही.

घरातले दिवे मात्र बंद करा. दाराचा उजेड निळसर असतो, पिवळ्या बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याच्या एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि ते नंतर कुठल्याही अ‍ॅपने धड जुळत नाही. नुसत्या ट्यूबखाली काढलं तर काही फोनवर फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं.

चादर करडी येण्याचं कारण वेगळं. फ्रेममध्ये सगळीकडे पांढरं दिसलं की फोनला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो गडद करतो. पांढरं करडं होतं, बाळाचा चेहरा सावळा होतो. स्क्रीनवर बाळाच्या गालावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं किंवा उजेडाचं चिन्ह येईल, ते थोडं वर सरकवा. चादर पांढरी दिसेल इतकंच. आणखी वर नेलं तर नाक आणि गाल सपाट होऊन जातात.

चादर निळसर येत असेल तर तिच्याशेजारी झेरॉक्सचा कोरा कागद ठेवून बघा. कागद पांढरा आणि चादर निळी दिसली तर ती धुताना घातलेल्या नीळेची करामत आहे, दुसरी चादर घ्या. दोन्ही निळे दिसले तर उजेड निळा आहे. मग फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स (म्हणजे रंगांचा तोल) ढगाच्या चिन्हावर ठेवा.

चादर आणि अंथरूण

मऊ गादीवर बाळ रुततं. डोक्याभोवती खळगा होतो, चादरीला चुण्या पडतात आणि कानाशी सावली साचते. म्हणून जमिनीवर सतरंजी, तिच्यावर एक घडी केलेलं पातळ पांघरूण, आणि वर इस्त्री केलेली पांढरी चादर चारी बाजूंनी ओढून घट्ट दाबलेली. कडांवर पुस्तकं किंवा तांब्या ठेवा, बाळाच्या हातापायापासून लांब. काठाची, फुलाफुलांची, रेघांची चादर नको. नवं पांढरं धोतर दुहेरी केलं तर उत्तम बसतं.

टेबलावर किंवा पलंगाच्या कडेला हा प्रयोग करू नका. सगळ्यांचं लक्ष फोनकडे असतं आणि चार-पाच महिन्यांचं बाळ कधी पालथं होईल सांगता येत नाही. जमीन बरी.

मान धरणारं, बसू लागलेलं बाळ झोपवलं की लगेच पालथं होतं. त्याला बसवूनच काढावं लागतं. भिंतीला पांढरी चादर टांगा आणि बाळाला भिंतीपासून निदान एक हात पुढे बसवा. भिंतीला टेकवलं की सावली थेट डोक्यामागे उमटते. पुढे सरकवलं की ती खाली पडते, फ्रेमच्या बाहेर. दार किंवा खिडकी अशा वेळी फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे, थोडी बाजूला हवी. आईने बाजूला खाली बसून बाळाला कमरेशी धरायचं. काखेत हात घालून धरलं तर खांदे वर चढतात आणि बोटं दिसतात. फोटोत छातीच्या वरचाच भाग येणार आहे, त्यामुळे कमरेचा हात आपोआप कापला जातो. आईच्या अंगावर चादर पांघरून मांडीवर बसवण्याची युक्ती बरेच जण करतात. ती चालते, पण चुण्या येतात आणि चादरीखालचा हात हलला की बाळ मागे वळून बघतं. मला ती फारशी पटलेली नाही.

अंतर: फोन नाकाशी नेऊ नका

चेहरा मोठा यावा म्हणून लोक फोन बाळाच्या अगदी तोंडाशी नेतात. मग नाक आणि गाल पुढे येतात, कान मागे पळतात, चेहरा पळीच्या पाठीवर दिसावा तसा येतो. नाक कानापेक्षा कॅमेऱ्याच्या बरंच जवळ आलं की ते तेवढं मोठं दिसणारच. कॅमेरा चेहऱ्यापासून साधारण दीड मीटरवर असावा, असं सूचनांतच आहे. त्या अंतरावर नाक आणि कान यांच्यातला फरक जवळजवळ नाहीसा होतो.

जमिनीवर बाळ आणि वर उभा माणूस, फोन छातीशी. हे अंतर आपसूकच दीड मीटरच्या जवळपास येतं. पायांच्या बाजूला उभं राहून, थोडं पुढे झुकून फोन बरोबर चेहऱ्यावर, जमिनीला समांतर धरा. तिरका धरला की कपाळ मोठं आणि हनुवटी लहान येते, किंवा उलट. दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर आहे त्यावरच काढून नंतर कापा. हल्लीच्या फोनमध्ये तेवढे पिक्सेल भरपूर असतात. ०.५ लिहिलेली रुंद लेन्स चुकूनही नको.

फोन दोन्ही हातांनी धरा आणि त्याची दोरी असेल तर मनगटात घाला. खाली बाळाचा चेहरा आहे.

नजर आणि तोंड

बाळ कॅमेऱ्याकडे बघत नाही, चेहऱ्याकडे बघतं. म्हणून फोटो काढणाऱ्याचा चेहरा लेन्सच्या अगदी वर हवा, आणि आवाज करणारा माणूस एकच हवा. मावशी उजवीकडून, आजोबा डावीकडून आणि मोठी ताई पायाशी "ए सोन्या" करायला लागली की बुबुळं तिन्हीकडे पळतात. बाकीच्यांना चहा प्यायला पाठवा.

खुळखुळा लेन्सला चिकटून वर धरा, एकदाच वाजवा आणि थांबा. जिभेने "टक्" असा आवाज केला की बाळ क्षणभर स्तब्ध होतं, तोंड मिटलेलं, डोळे मोठे. तोच क्षण आपल्याला हवा. गुदगुल्या आणि बोबडं बोलणं नको. हसलं की तोंड उघडतं, आणि हसरा फोटो कितीही गोड असला तरी तो फ्रेमसाठी, पासपोर्टसाठी नाही.

एकेक फोटो काढू नका. बऱ्याच फोनवर शटरचं बटण दाबून धरलं किंवा ओढलं की फोटोंची रांग लागते. त्या रांगेत एखादा सापडतो. व्हिडिओ काढून त्यातलं चित्र घेण्याच्या फंदात पडू नका. साध्या व्हिडिओतलं चित्र कमी पिक्सेलचं आणि बहुधा हललेलं असतं.

कापणं आणि प्रिंट

इतकं जमलं की उरलेलं काम आकड्यांचं आहे. रुंदी-उंचीचं प्रमाण ३५ ला ४५. परदेशातल्या भारतीय दूतावासांसाठी ऑनलाइन जो ६३० × ८१० पिक्सेलचा फोटो मागतात, त्याचं प्रमाणही हेच आहे. सूचनांप्रमाणे चेहऱ्याने फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापायला हवा, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या उंचीत टाळूपासून हनुवटीपर्यंत साधारण ३६ ते ३८ मिलिमीटर. बाळाचे केस विरळ असतात आणि पांढऱ्या चादरीवर टाळूची कड पटकन दिसत नाही, त्यामुळे वरून कापलं जाण्याची चूक फार होते. वर थोडी पांढरी जागा उरलीच पाहिजे.

कापणं आणि सरळ करणं यापलीकडे काही करू नका. पार्श्वभूमी काढून टाकणारी अ‍ॅप्स मोठ्यांच्या फोटोला एकवेळ ठीक, पण बाळाचे बारीक केस आणि पातळ कान त्यांना कळत नाहीत. अर्धा कान गेलेला फोटो मी लांबूनच ओळखते.

दुकानात पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबून लहान होतो आणि प्रिंट पुसट येते. ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला तीनशे ठिपके) ३५ × ४५ मिलिमीटर म्हणजे ४१३ × ५३१ पिक्सेल, त्याहून लहान फाइल घेऊन येऊ नका. चार बाय सहा इंचाच्या एका फोटो पेपरवर असे आठ फोटो बसतात. प्रिंट देताना "फिट टू पेज" बंद, मूळ मापात. मशीनने पान भरायला फोटो थोडा ताणला की ४५ चे ४७ होतात आणि डोळ्याला कळत नाही. हातात आली की तिथेच पट्टी लावून मोजा. साध्या कागदावरची रंगीत झेरॉक्स चालत नाही, फोटो पेपरच हवा.

कधी थांबायचं

एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांच्या वर ओढू नका. बाळ एकदा मनापासून रडलं की डोळे लाल आणि चेहरा सुजलेला राहतो, त्या दिवशी फोटो होत नाही. डोळे आले असतील, चिकटत असतील, ताप असेल, तर अपॉइंटमेंट पुढे ढकला. मान न धरणाऱ्या बाळाला फोटोसाठी उशा लावून बसवू नका, झोपवूनच काढा.

उशीवर घेतलेल्या चाचणीत सावली जातच नसेल, घरात उजेडाची जागाच नसेल, किंवा दोन वेगवेगळ्या दिवशी चांगल्या वेळी काढूनही डोळे आणि तोंड जमत नसतील, तर सरळ स्टुडिओत जा. प्रवासाची तारीख जवळ असेल तर घरच्या प्रयोगात दिवस घालवूच नका. परदेशी व्हिसाचा चौकोनी फोटोही स्टुडिओतच काढून घेतलेला बरा. एखाद्या डोळ्याची पापणी खाली असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर फोटो आहे तसाच येऊ द्या, कुणालाही तो "सरळ" करू देऊ नका.

आता जे सांगते त्याला फोटोग्राफर नाही, डॉक्टर लागतो. फ्लॅशने काढलेल्या घरच्या फोटोंत दोन्ही डोळे लाल येणं साधं आहे. पण एकाच डोळ्यात लालऐवजी पांढरट किंवा पिवळट चमक पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर बाळाला लवकरात लवकर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. कधी तो नुसता फोटोच्या कोनाचा खेळ असतो, पण कधी मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्यावरची गाठ असते. ती वेळेत सापडली तर उपचार आहेत. पासपोर्ट मागाहून होईल.

स्टुडिओत जायचं ठरलं तर आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: बाळाला झोपवून फोटो काढता का, आणि दिवे सतत जळणारे आहेत की फ्लॅशचे. फ्लॅश असेल तर तो छत्रीतून किंवा पांढऱ्या कापडातून येणारा हवा. दुकान रिकामं असेल अशी वेळ मागा, बहुधा दुपारची. जाताना रंगीत झबलं, लाळेचं फडकं आणि घरची पांढरी चादर न्या, त्यांच्या चादरीवर सकाळपासून कोण कोण झोपलंय कुणास ठाऊक. आणि प्रिंटबरोबर मूळ फाइलही मागून घ्या.